छोट्या शिशूच्या वर्गात खेळाचे कोपरे मांडायचेत, मदत हवी

शिशुवर्गवाली
नमस्कार मंडळी. मी नाशिकजवळच्या एका गावात छोट्या शिशूला शिकवते. सेमीची शाळा आहे. यंदा जूनपासून वर्गातली बाकं काढायला आमच्या मोठ्या बाईंनी एकदाचा होकार दिलाय (हो, चार वर्षांच्या पोरांना बाकं होती, हसू नका). आता त्या मोकळ्या वर्गात खेळाचे कोपरे करायचे आहेत, म्हणजे ठोकळ्यांचा, बाहुलीघराचा, पुस्तकांचा, चित्रांचा, वाळू-पाण्याचा असे. वाचलंय भरपूर, व्हिडिओही बघितलेत, पण त्या व्हिडिओतल्या वर्गात बारा मुलं आणि दोन बाया असतात. माझ्याकडे ३२ मुलं, मी, आणि एक मावशी जी अर्धा वेळ मोठ्या शिशूकडेही पळते. वर्ग २० बाय १८ फूट, दार एक, खिडक्या दोन, मोरी बाहेर व्हरांड्याच्या टोकाला. पैसे दहा हजारांच्या आत.

किती कोपरे करू? मुलांना पाळीपाळीने फिरवू की जिथे जायचं तिथे जाऊ देऊ? आणि पालकांना काय सांगू, कारण "वहीत काय लिहिलं" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येणार हे माहितीये.

मोगरा
पहिल्यांदा अभिनंदन. बाकं गेली म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. वाचनखूण साठवली.

एक_बाबा
मी जरा उलटं बोलतो, राग नको. भातुकली आमच्या घरी फुकट होते, वाळू बिल्डिंगखाली बांधकामाची पडलेली आहे, तिथे पोरगी रोज लोळते. शाळेत फी भरून परत तेच? मला वाटतं शाळेने घरी होत नाही ते करावं. अक्षर, अंक, ओळीत उभं राहणं. पुढे पहिलीत गेल्यावर तिथल्या बाई काही कोपरे मांडून बसणार नाहीत.

निमूट
@एक_बाबा ओळीत उभं राहणं आपल्याला आयुष्यभर रेशन दुकान शिकवतं की.

गोदाकाठ
ताई, मी बालवाडीत बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते, जरा लांबेल.

आधी जागेचा हिशोब. २० बाय १८ म्हणजे ३६० चौरस फूट, भागिले ३२, एका पोराच्या वाट्याला सव्वाअकरा फूट, त्यातून कपाटं आणि तुमचं टेबल वजा करा. म्हणजे सगळं आत मावणार नाही. टेबल आधी बाहेर काढा, शिशुवर्गाच्या बाईला टेबल लागत नाही. वाळू आणि पाणी व्हरांड्यात मोरीजवळ. आत पाचच कोपरे ठेवा, बाहेर एक.

मग कोण कुणाशेजारी हे बघा, कारण निम्मी भांडणं मांडणीमुळे होतात, पोरं उगाच बदनाम. पुस्तकं खिडकीपाशी, उजेडात, आणि ठोकळ्यांपासून सगळ्यात लांब. ठोकळे दाराच्या वाटेवर कधीही नको, येणारा-जाणारा बुरूज पाडतो आणि मग रडारड. खाली जाजम घाला म्हणजे खडखड आवाज कमी होतो. बाहुलीघर ठोकळ्यांच्या शेजारी चालतं, उलट चांगलंच, कारण ठोकळ्यांची गॅसची शेगडी होते, बाहुली एसटीत बसून माहेरी जाते. चित्रांचा कोपरा दाराजवळ, हात धुवायला पळायला बरा. मधे आडोसा म्हणून कपाटं उभी करायची तर ती मुलांच्या छातीएवढीच हवीत, तुम्ही कुठेही उभ्या राहिलात तरी ३२ डोकी दिसली पाहिजेत.

जागा मोजताना ३२ मुलांना ३२ जागा धरू नका. चाळीसेक तरी असू देत. नाहीतर शेवटच्या पोराला उरलेला कोपरा मिळतो आणि त्याला "निवड" म्हणायचं हा विनोद आहे.

शिशुवर्गवाली
@गोदाकाठ ताई किती कामाचं सांगितलंत! कोपऱ्यात किती मुलं हे त्यांना कसं कळवायचं पण? मी ओरडत बसणार नाही दर वेळी.

गोदाकाठ
कपडे वाळत घालायचे चिमटे आणा, प्रत्येक चिमट्यावर एका मुलाचं चित्र, नावाबरोबर (कुणाचा मासा, कुणाची छत्री). कोपऱ्याच्या तोंडाशी पुठ्ठा टांगा, त्यावर जितकी मुलं तितकी ठळक टिंबं. मूल येतं, आपला चिमटा टिंबावर लावतं. टिंब रिकामं नाही तर जागा नाही. मोजणी, स्वतःचं नाव ओळखणं, वाट बघणं, तिन्ही तिथेच होतं. आणि बाईंना पोलीस व्हावं लागत नाही, पुठ्ठाच पोलीस.

चिवित्रा
आमच्या शाळेत दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून गट पुढे सरकवतात, म्हणजे सगळ्यांना सगळं मिळतं. शिस्तीतही होतं. शिशुवर्गवाली, तुम्ही तेच करा, सोपं जाईल.

गोदाकाठ
@चिवित्रा माझा याला पूर्ण विरोध आहे. दहा मिनिटांत पोरगं फक्त ठोकळे खाली उतरवतं आणि कोण कुठे बसणार याची भांडणं मिटवतं. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. घंटा झाली की पूल अर्धा, उठा, चला चिकटकामाला. सलग पाऊण तास तरी द्या, तासभर मिळाला तर उत्तम.

चिवित्रा
मग एखादा मुलगा वर्षभर ठोकळ्यांतच बसला तर? आमच्याकडे आहे असा एक. पुस्तकाला हात लावत नाही.

कोऱ्या_पाटीवर
त्याच्या ठोकळ्यांच्या कपाटात गाड्यांची, पुलांची चित्रं असलेली दोन पुस्तकं ठेवा की. आणि कागद-खडू. बांधलेलं पाडण्याआधी त्याचा नकाशा काढायला सांगा. त्याने कोपरा सोडला नाही तरी पुस्तक त्याच्याकडे पोचतं.

आजोबांचा_चष्मा
निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी आहे, त्यामुळे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं परदेशी फॅड आहे असं पालक म्हणतील तेव्हा त्यांना सांगा की ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात म्हणून बाया पाड्यावर गेल्या, अंगणातच वर्ग भरला, अंगणवाडी हा शब्द तिथून रुजला. महागडं साहित्य परवडणारं नव्हतंच, मग शंख-शिंपले, बिया, गारगोट्या, पानं, माती यांवर भागवलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. तुमचे दहा हजार म्हणजे त्या मानाने श्रीमंती आहे, ताई!

सरकारी अंगणवाडी योजना त्यानंतर बरीच उशिरा, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आणि आताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा त्यातच येते. @एक_बाबा, पहिलीतल्या बाईंनी कोपरे मांडायचे नाहीत असं कुठेही म्हटलेलं नाही.

एक_बाबा
धोरणात म्हटलंय आणि वर्गात होतंय यात मुंबई-गोव्याएवढं अंतर आहे काका.

आजोबांचा_चष्मा
ते मान्य. मी त्याच अंतरात नोकरी केली.

वारली_वाट
मी अंगणवाडी सेविका आहे. पालघरकडची. आमच्याकडे खेळाची पेटी आली होती, छान होती, ठोकळे, मणी, कोडी. ती कुलपात ठेवली होती कित्येक महिने कारण जडसंग्रह रजिस्टरला नोंद, एक तुकडा हरवला की तपासणीला उत्तर कोण देणार. शेवटी मीच ठरवलं की तुटलं तर तुटलं म्हणून लिहू, पोरांच्या हातात देऊ. पण ताई, दुकानच्या ठोकळ्यांपेक्षा आमची पोरं जास्त रमतात ती करवंट्या, बांबूच्या कांड्या आणि सुपात. एवढंएवढं सूप विणून दिलं एका आजीने. तांदूळ पाखडतात, खडे वेगळे. मनगट असं फिरतं ना त्यात की पुढे पेन्सिल धरायला वेगळं शिकवावं लागत नाही.

बाकी वेळ कुठे मिळतो ते विचारू नका, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये फोटो, वजन-उंची, घरपोच आहाराचं वाटप, मदतनीस रजेवर असली की खिचडीपण मीच.

मोगरा
@वारली_वाट सूप! हे कसं नाही सुचलं कुणाला. ताई तुम्हाला दंडवत.

डॉ_कडुलिंब
बालरोगतज्ज्ञ. धाग्याचा रसभंग करतो, पण लिहिलंच पाहिजे. चिंचोके, वाटाणे, हरभरे, मणी हे नाकात आणि कानात जातात. दर पावसाळ्यात येतात असे पेशंट. कडधान्य नाकातल्या ओलाव्याने फुगतं, मग काढायला अजून अवघड. चार वर्षांचं मूल समजतं तरी वर्गात एखादं तीनचं असतंच, शिवाय कुणाचं तरी धाकटं भावंडं दारात रेंगाळत असतं. लहान वस्तूंचा ट्रे फक्त मोठं माणूस शेजारी असताना उघडा, बाकी वेळ वरच्या फळीवर.

दोन गोष्टी वर्गात अजिबात नकोत. छोटी सुटी लोहचुंबकं आणि बटण सेलवरची खेळणी, ज्यांच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नसतो. दोन चुंबकं गिळली तर आतड्याचे पदर मधे चिमटले जातात, बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोनेक तासात भाजल्यासारखी जखम करतो. थांबून बघू, सकाळी जाऊ असं करायचं नाही, तडक दवाखाना. आणि पाण्याच्या टबात चार बोटं पाणी खूप झालं, खेळ संपला की टब उपडा.

निमूट
डॉक्टर आले की धागा सरळ बसतो.

सुतारपक्षी
ठोकळ्यांवर पैसे घालवू नका. गावातल्या सुताराकडे सागाचे, आंब्याच्या फळीचे तुकडे जळणात जातात, ते मागा. पण वेडेवाकडे तुकडे तसेच देऊ नका, माप ठेवा. जाडी एक तर रुंदी दोन आणि लांबी चार, हा झाला मूळ ठोकळा. मग त्याच्या दुप्पट लांब, चौपट लांब, आणि अर्धा. सगळं एकमेकांत बसतं, दोन अर्धे म्हणजे एक हे पोरं हातानेच शिकतात. चौपट लांबीचे थोडे जास्त कापा, छप्पर आणि पूल त्याचेच होतात आणि तेच कमी पडतात. कडा मारून घ्या, आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर मग १५०. रंग लावू नका, घरात पडलेला जुना ऑइलपेंट तर मुळीच नाही, त्यात शिसं असू शकतं, मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) २०१७ पासून आलीय. पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण त्यात खिळ्यांची टोकं राहतात, चुंबक फिरवून बघा (मोठं चुंबक, डॉक्टर, मोठं!).

डॉ_कडुलिंब
:)

अडुळसा
मी माँटेसरी कोर्स केलेली आहे, मला इथे थोडं खटकतंय. माँटेसरीबाईंच्या वर्गात खोटी खोटी शेगडी नसते. मुलाला खरी सुरी द्या, खरं केळं कापू द्या, खरं पाणी काचेच्या ग्लासात ओतू द्या. आणि प्रत्येक साहित्य एकच, दुसरं नाही, म्हणजे थांबायला शिकतं. बाहुलीघर म्हणजे मोठ्यांनी मुलांना लहान समजणं आहे.

गोदाकाठ
@अडुळसा खऱ्या कामाचं शंभर टक्के मान्य. पण बाहुलीघराला मी नाही म्हणणार नाही, कारण तिथे जी भाषा बाहेर पडते ती मला दुसऱ्या कुठल्याच कोपऱ्यात ऐकू आलेली नाही. आणि साहित्य एकच याचं म्हणाल तर ३२ पोरांत एक लाटणं ठेवून बघा. माझा नियम, ज्या वस्तूवर भांडण होतं ती दोन आणायची. लाटणी दोन, स्टेथोस्कोप दोन, लाल गाडी दोन.

कोऱ्या_पाटीवर
बाहुलीघराच्या भाषेवरून. आमच्या वर्गात ते घर दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतं, कधी दवाखाना, कधी किराणा, गेल्या वेळी एसटी होती. आठ खुर्च्या दोन रांगांत, पुढे ताटलीचं स्टेअरिंग, जुन्या वहीचे कापलेले कागद म्हणजे तिकिटं. कंडक्टर साडेचार वर्षांचा. "पुढे सरका पुढे सरका, मागचं दार उघडणार नाय." मुलींना न विचारता म्हणे "बायकांना अर्धं." एक मुलगा शाल पांघरून वाकून आला, "मी पंच्याहत्तर वर्षांचा आहे, मला फुकट." कंडक्टर म्हणाला "आधार दाखवा." तो गेला आणि चित्राच्या कोपऱ्यातून कागदावर स्वतःचा चेहरा काढून आणला, खाली चार उभ्या रेघा, म्हणे हा माझा नंबर. त्या दिवशी मी "अक्षर शिकवायचं" या विषयावर कुणाशी वाद घालायचं बंद केलं.

मोगरा
आधार दाखवा!!! हसून हसून पुरेवाट.

एक_बाबा
हे मात्र भारी आहे. मान्य.

स्टुटगार्टकर
बालवाडी ही कल्पनाच मुळात फ्रोबेलची, जर्मनीतली, १८३७ ची. माझा मुलगा इथल्या किटात (पाळणाघर-बालवाडी एकत्र) जातो. ठोकळ्यांचा कोपरा सगळ्यात मोठा, सुतारकामाचं टेबल आहे ज्यावर खरी करवत आणि खरा हातोडा. पहिल्यांदा बघून मी आणि बायको दोघं गार. सहा वर्षांपर्यंत अक्षरं कुणी शिकवत नाही, आपण भारतीय आईबाप मात्र घरी गुपचूप बाराखडी चालू. पण इथे एक मोठं माणूस फार कमी मुलांना असतं. ते नसताना फक्त फर्निचर आणून उपयोग नाही.

चिवित्रा
@स्टुटगार्टकर हेच तर म्हणतेय! घंटा मी हौसेने नाही वाजवत. एकटी बाई, ३२ पोरं, सगळीकडे मोकळं सोडलं तर बाजार होतो.

वारली_वाट
बाजार होतो पहिले पंधरा दिवस. मग बसतं. मी एकदम सगळं उघडत नाही. एक कोपरा उघडायचा, तिथे काय कसं घ्यायचं आणि कसं परत ठेवायचं ते खेळूनच दाखवायचं, तो बसला की दुसरा. बाकीचे चादरीने झाकलेले. झाकलंय म्हटल्यावर पोरांना कधी उघडणार याचीच ओढ.

गोदाकाठ
वारली_वाट ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. आणि आवरण्याची सोय करा, फळीवर प्रत्येक वस्तूची बाहेरची रेघ काढून ठेवा, वाटीच्या रेघेवर वाटी, ठोकळ्याच्या रेघेवर ठोकळा. आवरायचं एकच गाणं ठरवा, रोज तेच, संपण्याआधी पाच मिनिटं इशारा द्या. सगळ्यांनी आवरणं हाच एक तास असतो असं समजा, वाया गेलेला वेळ नव्हे.

निमूट
माझ्या नवऱ्याच्या कपाटात पण रेघा काढून देता येतील का?

मोगरा
अवांतर होतंय हो.

कोऱ्या_पाटीवर
मोठ्या माणसाने करायचं काय यावर कुणी बोललं नाही. बहुतेक बाया दोनपैकी एक करतात, एकतर कोपऱ्यात ठाण मांडून "हा कुठला रंग? किती आहेत? मोठा कुठला?" अशी तोंडी परीक्षा घेतात, नाहीतर खुर्चीवर बसून वह्या तपासतात. पोरगं रंगात असताना विचारू नका. शेजारी बसा, बघा, खेळात घेतलं तर प्रवासी व्हा, तिकीट काढा. आणि वहीत एका ओळीत टिपा, कोण काय म्हणालं. पालकसभेला तुमच्याकडे दाखवायला तेवढंच असतं आणि ते पुरतं.

शिशुवर्गवाली
सगळं वाचतेय, दोनदा वाचलं. खूप खूप आभार. पालकांचं मात्र अजून राहिलंच. मोठ्या बाई म्हणतात दुसरी शाळा रस्त्यापलीकडेच आहे, तिथे छोट्या शिशूत शंभरपर्यंत लिहून घेतात, पोरं गळली तर तुझ्या कोपऱ्यांचं काय करायचं. त्या वाईट नाहीत, त्यांनाही तुकडी टिकवायची आहे.

एक_बाबा
मी सांगू? मी पालकच आहे. आम्हाला भाषण देऊ नका, "बालकेंद्री" वगैरे तर अजिबात. पालकसभा कोपऱ्यांत घ्या. आम्हाला ठोकळे द्या, म्हणा पूल बांधा ज्याखालून ही गाडी जाईल. बाप लोक पेटतील बघा. मग विचारा आत्ता काय काय मोजलं. आणि तुमच्या त्या एक ओळीच्या टिपा वाचून दाखवा, माझ्या पोरीचं नाव घेऊन. "आधार दाखवा" सारखं एक वाक्य माझ्या पोरीचं ऐकवलंत तर मी रस्ता ओलांडणार नाही.

चिवित्रा
एक_बाबा पार्टी बदलली :ड

एक_बाबा
अर्धी. शंभरपर्यंत अंक मला हवेतच, पण कसे ते बाईंनी ठरवावं.

आजोबांचा_चष्मा
त्यासाठी पहिलीचं वय सांगा. पहिलीला सहा पूर्ण लागतात. छोट्या शिशूतल्या पोराकडे अजून दोन वर्षं आहेत, शंभर कुठे पळून जात नाही. भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांचंच काम लावा, मुलगा जे सांगेल ते तुम्ही त्याच्या चित्राखाली लिहा. न्यायला आलेला पालक दारात तेच वाचतो. छापील तक्ते काढून टाका, ते मोठ्यांच्या उंचीवर असतात आणि कुणीच बघत नाही.

शिशुवर्गवाली
ठरवलं मग. टेबल बाहेर. जूनमध्ये फक्त ठोकळे आणि पुस्तकं उघडते, बाकीचं चादरीखाली. बाहुलीघर जुलैत, चित्रं त्यानंतर. घंटा नाही, पण @चिवित्रा तुमचा मुद्दा डोक्यात आहे, मावशी नसेल त्या दिवशी निम्मी पोरं व्हरांड्यात गोष्टीला, निम्मी आत, मग अदलाबदल. सुताराशी बोलले, तो पोती भरून तुकडे द्यायला तयार आहे, कापून मात्र पैसे घेणार. पालकसभा कोपऱ्यांतच, पूल बांधायला लावतेच सगळ्यांना.

एकच राहिलं. व्हरांड्यात वाळूचा खोका ठेवायचा तर आमच्याकडे मांजरं फार आहेत. रात्री येऊन घाण करतात. काय करू?

सुतारपक्षी
प्लायचं झाकण, बिजागरी लावून, कडी बाहेरून. नुसती ताडपत्री टाकू नका, मांजर खालून शिरतं. खोक्याच्या तळाला भोकं पाडा नाहीतर पावसाळ्यात चिखल. माप पाठवा, मी आकृती काढून देतो.

डॉ_कडुलिंब
आणि नदीची वाळू आणलीत तर आधी चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवा. खेळून झालं की साबणाने हात, डब्याच्या आधी हमखास.

निमूट
मांजराचा चिमटा आणि टिंब राहिलं.